मासे अजून आलेले नाहीत

८ नोव्हेंबर

फिशटँक आला. लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून दोन माणसांनी चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवला. हॉलमध्ये ठेवला आणि दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, ताई, या वयात हे काय. त्यांचंही बरोबर होतं. मला मासे फक्त कालवणातले कळतात.

एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवते. या टँकचा आणि राजरत्नच्या फोनचा काहीही संबंध नाही. गेल्या रविवारी माझा हा लेक हैदराबादहून म्हणाला की, आई, पप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, तू रिटायर झालीस, आता ठाकुर्लीत तुला धरून ठेवणारं आहे काय? फ्लॅट विकू, नवीन वर्षात इकडेच ये, तुझ्या सुनेने, संचिताने, खोलीसुद्धा लावून ठेवली आहे. विचार करते म्हटलं. मग डोंबिवलीला चष्म्याची काडी बसवायला गेलेले, तिथे शेजारी माशांचं दुकान होतं, म्हणून आत शिरले. योगायोग. दुकान चालवणारी अमृता म्हणाली की दोनशे लिटरचा टँक एकदा भरला की जागचा हलवता येत नाही, नीट विचार करा. मी म्हटलं, हाच द्या.

वर मी समुद्राच्या पाण्यातलेच मासे हवेत म्हणाले. गोड्या पाण्याचे सोपे असतात, तिने समजावलं. खाऱ्या पाण्याचं काम महिना-दोन महिने चालतं, तोवर मासा सोडायचा नाही. मला ते फारच पसंत पडलं. का, ते कळलं नाही.

११ नोव्हेंबर

टँक बघायला पहिला माणूस आला तो तक्रार घेऊन. काळुराम म्हात्रे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बरोबर माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या घरची भातशेती होती, त्यामुळे इमारतीत कोणी खिळा ठोकला तरी तो आपल्याच शेतात ठोकला असं त्यांना वाटतं. हातात टेप घेऊनच आलेले.

"मॅडम, पाण्याचेच दोनशे किलो. काच वेगळी, दगड वेगळे. माझा पलंग बरोबर याच्या खाली हाय."

मी तीस वर्षं एका फ्रिज कंपनीच्या तक्रार विभागात काढली. तापलेल्या माणसाला थंड करणं हा माझा धंदा होता, फ्रिजचं काही का होईना. मी शांतपणे म्हटलं, तुमची तक्रार समजली. ते म्हणाले, समजून काय उपयोग, सरकवायला लागेल. तीस वर्षांत एकाही ग्राहकाला हे सुचलं नव्हतं.

बीम समोरच्या भिंतीखालून जातो, टँक तिथेच हवा, असं त्यांनी मोजून दाखवलं. त्या भिंतीला ह्यांची आरामखुर्ची होती. म्हात्र्यांनी खुर्चीकडे पाहिलं, टेप गुंडाळली आणि म्हणाले, ही कुठे ठेवायची ते तुम्ही सांगा, उचलतो मी. खिडकीशी ठेवायला सांगितली. तिथे सकाळचं ऊन येतं. मगच त्यांनी टँकला हात लावला.

एकंदरीत उर्मट माणूस.

१६ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातल्या आरओखाली बादल्या लावून टँक भरतेय. मशीन मुतखड्याच्या पेशंटसारखं थेंब थेंब सोडतं. भरला एकदाचा. आज मीठ घातलं. अमृताने खास समुद्री मिठाची पिशवी दिली आहे, आणि खारटपणा मोजायला दुर्बिणीसारखी एक नळी.

म्हात्रे स्लॅबला तडा गेला का बघायला आले, सोबत त्यांची आई, सखुबाई. त्यांचं माहेर कोलशेतचं, लग्नाआधी तिथल्या मिठागरात राबलेल्या. म्हात्रे म्हणाले, नळी कशाला, मिठाचं आईला विचारा. मलाही ते एकदम पटलं. नळीवर पुस्तक शिकलेल्यांनी भरवसा ठेवावा, आपल्याकडे तर साक्षात मिठागर आलंय. सखुबाईंनी बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले. "कमी हाय गो." मी दोन मग मीठ आणखी घातलं. पुन्हा चाखलं. अजून कमी. आणखी घातलं. मग "आता बरा" असा निकाल आला.

ते गेल्यावर नळीतून पाहिलं. मासे सोडले असते तर त्यांचं लोणचं झालं असतं. अर्धा टँक उपसून पुन्हा गोडं पाणी भरायला घेतलं. जिन्यात सखुबाईंना सांगितलं तर त्यांना काडीची लाज वाटली नाही. म्हणाल्या, "आमच्या मिठागरान मीठ काढाचा होता. म्हावरा पालाचा नव्हता."

एक मात्र लिहिते. त्यांनी चहा घेतला. पूर्ण. मी कप आत नेताना तळ बघितला, ती माझी जुनी खोड आहे. बारा वर्षं या इमारतीत राहतेय. कोण माझ्याकडचं पाणी पितं आणि कोण 'आत्ताच घेऊन आले' म्हणतं, हे मला मजल्यागणिक पाठ आहे. म्हात्र्यांच्या कपातही काही उरलं नव्हतं. साखर मात्र जास्त लागते त्यांना.

१९ नोव्हेंबर

आज टँकमध्ये कोळंबी सोडली. मेलेली. बाजारातून आणली, सोलली, धुतली आणि कढईऐवजी पाण्यात टाकली.

अमृताने सगळं समजावलं ते असं. कोळंबी सडणार, त्यातून अमोनिया होणार, तो विषारी. मग एक प्रकारचे जिवाणू आपोआप वाढून तो खाणार आणि त्याचं नायट्राइट करणार, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू येऊन ते खाणार आणि त्याचं फारसं न बाधणारं काहीतरी करणार. हे दोन्ही प्रकारचे जीव नीट स्थिरावले की मगच मासे. याला टँक सायकल करणं म्हणतात. तळमजल्यावरच्या काकूंना मी सायकल घेतली असं वाटलंय, त्यांनी मला गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं.

म्हणजे सध्या माझ्या घरात मीठ, पाणी, दगड आणि एक सडणारी कोळंबी आहे, आणि हे सगळं नीट चाललंय असं मला मानायचं आहे. सखुबाईंनी कोळंबी पाहिली आणि त्यांना खरोखर दुःख झालं. एवढी मोठी, म्हणाल्या, आणि कुणाच्याच तोंडी नाही.

२५ नोव्हेंबर

वास येतो. म्हात्रे म्हणतात खालपर्यंत येतो. तरी रोज सकाळी वर येतात.

हल्ली रोज पाण्याची तपासणी असते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बदलतो तो छापील पट्टीशी जुळवायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा होत गेला की वाढतोय. माझी अडचण अशी की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा बाकी आहे. डाव्या डोळ्याला सगळं जग जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं दिसतं, उजव्याला निळसर. दोन्ही उघडे ठेवले तर दोघांचं भांडण. म्हणून पहिल्या दिवशी मी म्हात्र्यांना विचारलं, बघा हो, हिरवा आहे की पिवळा. त्यांनी नळी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, पिवळाच म्हणायचा. तेव्हापासून निर्णय त्यांचा.

काम जबाबदारीने करतात, हे मान्य केलं पाहिजे. खुर्ची ओढून बसतात, नळी फिरवून फिरवून बघतात, मग चहा. मग स्लॅब, पाण्याचा पंप, त्यांच्या लहानपणीची शेतातली खेकड्यांची बिळं. त्यांची बायको वारली त्याला आठ वर्षं झाली, स्वयंपाक तेच करतात, भाकरी अजून गोल होत नाही. हे सगळं मी विचारलेलं नाही. म्हणजे भाकरीचं विचारलं.

दुधाची मोठी पिशवी घ्यायला लागले आहे. सोसायटीच्या कामासाठी म्हणून चालेल.

३० नोव्हेंबर

महिला मंडळाच्या बायका मासे बघायला आल्या. टँकसमोर ओळीने बसल्या. पाणी बघितलं. दगड बघितले. एकीने मोबाईलमध्ये फोटोपण काढला, कशाचा ते तिलाच माहीत. मासे कुठायत? अजून आलेले नाहीत. मग हे काय चाललंय? जिवाणू वाढतायत. यानंतर पोह्यांना कुणी फारसा हात लावला नाही.

राजरत्नचा फोन. फ्लॅटला गिऱ्हाईक आहे, नाताळच्या सुट्टीत दोघंही येतायत, कागद बघून टाकू म्हणाला. मी म्हटलं, टँक मध्यावर आलाय, आता घर सोडता येणार नाही. तो म्हणाला, आई, त्यात मासे नाहीत.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर, दादरला गेलेले. दिवसभर रांगेत, पाय सुजलेत. परवा ते वर आले तेव्हाच चावी म्हात्र्यांकडे दिलेली, तपासणी चुकायला नको म्हणून.

आज जिन्यात सखुबाई भेटल्या. म्हणाल्या, काल मलाच वर घेऊन आला, रंग मी बघितला. तुम्ही कशाला चढलात, मी विचारलं, ते बघतातच की रोज.

"तो काय बघल? हिरवा न् पिवला त्याला लानपनापासून नाय कलत. रेल्वेच्या नोकरीला त्याच्यासाठीच नाय घेतला त्याला."

मी तशीच वर आले. घरातल्या सगळ्या हिरव्या-पिवळ्या वस्तू डोळ्यांसमोरून गेल्या. म्हणजे इतके दिवस मी ज्याला अमोनिया समजत होते तो सगळा म्हात्र्यांचा अंदाज. एका डोळ्याची बाई आणि रंगांध सेक्रेटरी, आणि मध्ये विज्ञान.

ते आले तेव्हा मी दारातच विचारलं. ते शरमले. म्हणाले, "मी कधी म्हटलं मला दिसतंय म्हणून? तुम्ही विचारलंत. नाय म्हटलं असतं तर..."

मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने असा खोटेपणा करावा? जिवंत प्राण्यांचा प्रश्न आहे. प्राणी अजून यायचे आहेत हे त्यांनी दाखवून दिलं नाही, तेवढा चांगुलपणा त्यांच्यात आहे. मान हलवली आणि खाली गेले. चहा ओट्यावर तसाच.

तीस वर्षांत मी कुठल्याही ग्राहकाचं वाक्य मध्ये तोडलं नव्हतं.

१२ डिसेंबर

म्हात्रे येत नाहीत. बरंच झालं, सकाळ मोकळी मिळते. मोकळ्या सकाळी काय करायचं ते ठरलेलं नाही.

डावा डोळा मिटून उजव्याने एकटीच रंग बघते. अमोनिया उतरलाय, नायट्राइट चढलंय. खरं तर आनंदाची गोष्ट. सांगायला कोण, म्हणून वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरला दाखवा.

१८ डिसेंबर

टँक तपकिरी झाला. दगड, वाळू, काच, सगळ्यावर चिखलासारखा थर. मी रडकुंडीला येऊन अमृताला फोटो पाठवला. तिचं उत्तर, नवीन टँकमध्ये हे होतंच, हात लावू नका, आपोआप जाईल. हात लावू नका हे मला जमत नाही. बाहेरून का होईना, काच पुसत बसले.

सोसायटीच्या मीटिंगची नोटीस आली. पूर्वी म्हात्रे स्वतः आणून द्यायचे आणि त्यातलं सगळं तोंडी वाचून दाखवायचे. या वेळी दाराखालून सरकवली. दूध उरतंय रोज, मोठी पिशवी बंद केली पाहिजे.

२६ डिसेंबर

राजरत्न आणि संचिता आलेत. घर एकदम भरल्यासारखं झालंय. राजरत्नने टँकभोवती एक फेरी मारली आणि मला जवळ बसवलं.

"आई, तळमजल्यावरच्या काकू सांगत होत्या. म्हात्रे रोज वर यायचे."

"अमोनिया बघायला यायचे. आता नाही येत."

"लोकांचा अमोनियावर विश्वास नाही, आई."

मग तो मान खाली घालून बोलत राहिला. त्यांची भावकी मोठी, गावभर पसरलेली, ते लोक बोलायला लागले की थांबत नाहीत. आपलेही लोक थांबत नाहीत. तू इथे एकटी, उद्या कुणी काही बोललं तर मी तिकडून काय करणार? मी रागवायची तयारी केलेली, पण त्याचा आवाज त्याच्या पप्पांच्या आजारपणात व्हायचा तसा झालेला. पोरगं घाबरलंय. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी संचिता माझ्याबरोबर मेथी निवडायला बसली. तिने सहज विचारलं, म्हात्रेकाका का बंद झाले यायचे? मी तिला सगळं सांगितलं, रंग न दिसणं, रेल्वे, माझी फसवणूक. ती हसू दाबत होती. म्हणाली, "म्हणजे आई, त्यांना रंग दिसतच नाहीत, तरी ते रोज रंग बघायला यायचे?"

"हो ना. म्हणून तर सगळे आकडे चुकले."

एवढं बोलले आणि हातातली मेथीची काडी हातातच राहिली. संचिता खाली बघून भराभर निवडत राहिली. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मला एवढं कळायला एवढी भाजी लागली.

२७ डिसेंबर

गिऱ्हाईक येऊन गेलं. त्यांना घर आवडलं. टँकच्या जागी टीव्ही लावू म्हणाले.

ते गेल्यावर राजरत्नला सांगितलं, मी विकणार नाही. तुमच्याकडे येईन, महिनाभर राहीन, पण राहायला म्हणून येणार नाही. त्याने विचारलं, "या टँकमुळे?"

उत्तर तयार होतं. एकदा भरला की हलवता येत नाही. किती दिवस हेच तर सगळ्यांना ऐकवतेय. पण माझ्याच पोटचं पोर समोर बसलेलं, आणि रिकाम्या टँकच्या आड लपायला मी काही मासा नव्हे.

"टँक काय, विकता येतो," मी म्हटलं. "मलाच इथे राहायचंय."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवायला आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी असताना करायचं, एवढं ऐक. ऐकते म्हटलं. संचिताने त्याच्या ताटात भात जरा जास्तच वाढला.

२ जानेवारी

दोघं काल परत गेले. आज बाटलीत पाणी भरून अमृताकडे नेलं. तिने स्वतः तपासलं, तिचे दोन्ही डोळे चांगले आहेत. अमोनिया नाही, नायट्राइट नाही. टँक तयार. थोडं पाणी बदला आणि उद्या मासे न्या, म्हणाली. तपकिरी थरही बराच गेलाय, मी हात न लावता. म्हणजे माझ्या हाताची गरज कुणालाच नव्हती.

घरी येताना तिसऱ्या मजल्यावर थांबले. बारा वर्षांत त्यांची बेल मी कधी दाबलेली नाही. तक्रार घेऊन सगळे माझ्याकडे यायचे, मी कुणाकडे जायची नाही. म्हात्र्यांनी दार उघडलं, हाताला पीठ लागलेलं.

मी म्हटलं, "उद्या डोंबिवलीहून मासे आणायचेत. रिक्षात पिशवी धरायला कुणीतरी लागतं." मग, धीर आहे तोवर बोलून घ्यावं म्हणून, "त्या दिवशी तुमचं वाक्य मी तोडलं. पूर्ण करायचं असेल तर करा."

त्यांनी पिठाच्या हाताकडे पाहिलं. "आता आठवत नाय," म्हणाले. कान मात्र लाल झालेले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने मला ते स्वच्छ दिसले.

आतून सखुबाईंनी विचारलं, कोन हाय? म्हात्रे म्हणाले, वरच्या मॅडम. थोडं थांबून म्हणाले, मंजुळाबाई.

३ जानेवारी

मासे आणले. दोन. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, अंगठ्याएवढे. रिक्षात म्हात्र्यांनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला हळू म्हणत होते. त्याने विचारलं, आत बाळ आहे का?

पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं ऊबदार होईतो. तोवर आम्ही दोघं समोर बसून राहिलो. स्लॅबचाही विषय निघेना. शेवटी त्यांनी विचारलं, हैदराबादला कधी निघताय?

"नाही जाणार."

ते उठले, स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवल्याचा आवाज आला. साखर कुठे असते ते त्यांनी विचारलं नाही. भरपूर घातलेली, तरी मी तो चहा मुकाट्याने प्यायले.

मग पिशवी सोडली. दोन्ही मासे क्षणभर मध्येच थबकले, आणि सरळ जाऊन दगडामागे लपले. आम्ही वाकून बघितलं, बाजूने बघितलं, म्हात्र्यांनी गुडघ्यावर बसून बघितलं. काही नाही. पुन्हा पाणी आणि दगड.

"नवीन जागा हाय," ते म्हणाले. "सकाळपर्यंत येतील बाहेर."

"मग सकाळी या," मी म्हटलं.

हे मीच म्हटलं. त्यांनी नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला ते सोसायटीचं काम होतं असं म्हणता येणार नाही.